अभियांत्रिकीच्या परीक्षेसाठी कॅल्क्युलेटर निवडताना

तंत्रनिकेतनाच्या प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर छापलेल्या सूचनांमध्ये एक ओळ हमखास असते : नॉन-प्रोग्रॅमेबल इलेक्ट्रॉनिक पॉकेट कॅल्क्युलेटर वापरण्यास परवानगी आहे. विदर्भातील ब्रह्मपुरी, आर्वी किंवा वाशिमच्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकणारी मुले ही ओळ तीन वर्षे वाचतात. परंतु नॉन-प्रोग्रॅमेबल म्हणजे नेमके काय, हे त्यांना क्वचितच कोणी समजावून सांगते. पुढे पदवीचा प्रवेश होतो, पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या गेट या परीक्षेचा अर्ज भरला जातो, कोणी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेची तयारी सुरू करतो, तर कोणाचा परदेशी गेलेला चुलतभाऊ तिथल्या परवाना परीक्षेविषयी सांगू लागतो, आणि प्रत्येक वळणावर तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो की, कॅल्क्युलेटर कोणता घ्यायचा. तालुक्याच्या दुकानात एकसारखी दिसणारी तीन-चार यंत्रे समोर मांडली जातात, किमतींत बराच फरक असतो, आणि शेतीच्या हंगामावर घरखर्च चालणाऱ्या कुटुंबात तो फरक लहान नसतो. दुकानदार सांगतो की महागडे चांगले, सीनियर सांगतो की माझे आहे तेच घे.

या प्रश्नाचे उत्तर एका विशिष्ट क्रमाने शोधावे, असे माझे मत आहे. परीक्षेचा नियम काय म्हणतो हे आधी पाहावे, आपल्या हाताला कोणते यंत्र बसले आहे हे त्यानंतर पाहावे, आणि त्या यंत्रात किती सोयी आहेत हा विचार सर्वांत शेवटी करावा. दुकानात मात्र हा क्रम बहुधा उलटा होतो.

विद्यार्थी एकच, नियम वेगवेगळे

कॅल्क्युलेटरविषयीचा नियम परीक्षेगणिक बदलतो, आणि हा फरक इतका मोठा आहे की एका परीक्षेसाठी घेतलेले यंत्र दुसऱ्या परीक्षेत निरुपयोगी, किंबहुना धोक्याचेही ठरू शकते.

तंत्रनिकेतन आणि विद्यापीठ यांच्या लेखी परीक्षांत साधारणपणे नॉन-प्रोग्रॅमेबल सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालतो. गेटमध्ये स्वतःचा कोणताही कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही. २०१६ पासून संगणकाच्या पडद्यावरच एक कॅल्क्युलेटर दिला जातो आणि तोच माउसने वापरावा लागतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत दोन टप्प्यांसाठी दोन वेगळे नियम आहेत. पूर्व परीक्षेच्या वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकांना कॅल्क्युलेटरच चालत नाही. मुख्य परीक्षेच्या वर्णनात्मक प्रश्नपत्रिकांना नॉन-प्रोग्रॅमेबल सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालतो; मात्र प्रोग्रॅमेबल यंत्र वापरणे हा गैरप्रकार समजला जातो, आणि परीक्षागृहात एकमेकांचे कॅल्क्युलेटर मागून घेण्यासही मनाई आहे.

अमेरिकेची पद्धत याहून निराळी आहे. तेथे सार्वजनिक सुरक्षिततेशी संबंधित आराखड्यांवर स्वतःच्या जबाबदारीने सही करायची असेल, तर अभियंत्याला राज्याचा परवाना लागतो. त्यासाठी पदवीच्या सुमारास ‘फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग’ ही पहिली परीक्षा, नंतर साधारण चार वर्षांचा अनुभव आणि मग ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ ही दुसरी परीक्षा, असा रूढ मार्ग आहे. या परीक्षा एनसीईईएस ही संस्था तयार करते. भारतात सर्व अभियंत्यांना लागू होईल अशी एकच परवाना परीक्षा नाही, त्यामुळे आपल्याकडे ही कल्पना थोडी परकी वाटते. एनसीईईएस परवानगी असलेल्या कॅल्क्युलेटरांची नावानिशी यादी प्रसिद्ध करते : कॅसिओचे ज्यांच्या नावात एफएक्स-११५ किंवा एफएक्स-९९१ आहे ते सर्व, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे ज्यांच्या नावात टीआय-३०एक्स किंवा टीआय-३६एक्स आहे ते सर्व, आणि एचपीचे केवळ दोन, ३३एस व ३५एस. यादीबाहेरचे यंत्र कितीही साधे असले तरी चालत नाही. म्हणजे आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांत सर्रास दिसणारा कॅसिओचा एफएक्स-८२एमएस हा अगदी साधा असूनही तेथे बाद ठरतो, आणि वणी-पुसदच्या दुकानात मिळणारा एफएक्स-९९१ईएस प्लस तेथे बिनदिक्कत चालतो.

प्रोग्रॅमेबल म्हणजे नेमके काय?

ज्या यंत्रात आकडेमोडीच्या पायऱ्यांची मालिका वापरणारा स्वतः लिहून साठवू शकतो, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही ती मालिका टिकते आणि एका बटणाने ती पुन्हा चालवता येते, ते यंत्र प्रोग्रॅमेबल होय. अशा यंत्रात विद्यार्थी घरून सूत्रे, तक्ते किंवा संपूर्ण डिझाइनची पद्धत भरून आणू शकतो, आणि मग परीक्षा त्याच्या समजेची न राहता त्याने भरून आणलेल्या साठ्याची होते. नियमामागचे कारण एवढेच आहे.

येथे एक शंका नेहमी निघते. ९९१ मालिकेतील कॅल्क्युलेटरमध्ये ‘कॅल्क’ नावाचे बटण असते. अक्षरे वापरून सूत्र लिहावे, ते बटण दाबावे आणि अक्षरांच्या जागी वेगवेगळ्या किमती घालून उत्तरे काढावीत, अशी ती सोय आहे. ‘सॉल्व्ह’ नावाची सोय तर समीकरणातील अज्ञात किंमत स्वतः शोधून देते. मग हे प्रोग्रॅमिंग नव्हे काय? तसे नाही. ९९१ईएस प्लस बंद केला की लिहिलेले सूत्र पुसले जाते. ए, बी, सी अशा अक्षरांत साठवलेल्या किमती राहतात, परंतु पायऱ्यांची मालिका राहत नाही. पुढच्या वेळी सूत्र पाठच असावे लागते आणि पुन्हा टंकावे लागते. म्हणून कॅल्क आणि सॉल्व्ह असूनही हे यंत्र नॉन-प्रोग्रॅमेबल गणले जाते. परीक्षागृहातील पर्यवेक्षकाला शंका आली तर हीच गोष्ट शांतपणे सांगता यावी, म्हणून ती नीट समजून घेणे गरजेचे आहे.

याउलट एचपी ३५एस हे यंत्र पूर्णपणे प्रोग्रॅमेबल आहे, आणि तरीही ते अमेरिकेच्या यादीत आहे. वरवर पाहता हे उफराटे वाटते. परंतु दोन्ही ठिकाणच्या नियमांची चिंता वेगळी आहे. आपल्याकडची चिंता अशी की, विद्यार्थी बाहेरून काही आत आणील. एनसीईईएसची मुख्य चिंता अशी की, प्रश्न आतून बाहेर जातील. परवाना परीक्षेतील प्रश्न जपून ठेवले जातात आणि पुन्हा वापरले जातात. त्यामुळे ज्या यंत्रात मजकूर लिहून ठेवता येतो किंवा जे दुसऱ्या यंत्राशी जोडता येते, असे यंत्र त्यांना नको असते. पुस्तकी सूत्रांची त्यांना फारशी भीती नाही, कारण सूत्रांची अधिकृत संदर्भपुस्तिका ते परीक्षेतच पडद्यावर देतात. एचपी ३५एसला बाहेर जोडण्याची सोयच नाही, म्हणून ते चालते. हेच यंत्र घेऊन कोणी आपल्याकडच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेच्या मुख्य परीक्षेला बसला, तर तो गैरप्रकार ठरेल. परदेशातून भेट म्हणून आलेला कॅल्क्युलेटर परीक्षेला नेण्याआधी हा फरक अवश्य लक्षात घ्यावा.

दुकानातील यंत्रांत फरक कोणता?

आपल्या तालुक्याच्या ठिकाणी मुख्यत्वे कॅसिओचीच यंत्रे मिळतात, म्हणून त्यांच्याविषयीच सांगतो. एफएक्स-८२एमएस त्रिकोणमिती, घातांक, लॉगॅरिदम आणि सरासरीसारखी सांख्यिकी करतो. तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षाला तो पुरतो. मात्र त्याला एकसामयिक समीकरणे, मॅट्रिक्स किंवा संमिश्र संख्या येत नाहीत. विद्युत शाखेच्या विद्यार्थ्याला एसी सर्किटमध्ये संमिश्र संख्यांची बेरीज, गुणाकार आणि कोनाच्या रूपात रूपांतर दर दोन ओळींनी करावे लागते. त्याने ८२एमएस घेणे म्हणजे पुढल्याच वर्षी दुसरा खर्च ओढवून घेणे आहे.

एफएक्स-९९१एमएस हे जुने पण भरवशाचे यंत्र आहे. दोन किंवा तीन अज्ञातांची समीकरणे, द्विघाती व त्रिघाती समीकरणे, संमिश्र संख्या, तीन बाय तीनपर्यंतचे मॅट्रिक्स, संख्यात्मक इंटिग्रेशन, कॅल्क आणि सॉल्व्ह या सर्व सोयी त्यात आहेत. त्याची उणीव पडद्याची : अपूर्णांक, वर्गमूळ आणि घात एकाच ओळीत लिहावे लागतात, त्यामुळे लांबलचक सूत्रात कंस कोठे उघडला आणि कोठे मिटला हे डोळ्याला पटकन दिसत नाही. एफएक्स-९९१ईएस प्लसमध्ये गणिती सोयी बहुतांशी त्याच आहेत. पण अंशाखाली छेद, मुळाच्या चिन्हाखाली संख्या, असे सूत्र वहीत लिहितो तसेच पडद्यावर दिसते. माझ्या मते ईएस प्लसची किंमत या पडद्यासाठीच द्यावी, कारण परीक्षेतील अनेक चुका सूत्र चुकीचे टंकल्याने होतात आणि टंकलेले डोळ्यांना दिसले तर त्या वेळीच सापडतात.

त्याच्या वरचे एफएक्स-९९१ईएक्स आणि नंतर आलेले एफएक्स-९९१सीडब्ल्यू. या यंत्रांत चार अज्ञातांपर्यंतची समीकरणे, चार बाय चार मॅट्रिक्स, छोटी स्प्रेडशीट आणि अधिक स्पष्ट पडदा मिळतो. सीडब्ल्यूमध्ये मेनू आणि बटणांची मांडणी बरीच बदलली आहे. उत्तर अपूर्णांकातून दशांशात नेण्याचे जुने बटण त्यात नाही, ते काम फॉरमॅट नावाच्या बटणातून करावे लागते. ज्याचा हात आधीच्या यंत्रावर बसला आहे त्याने ही बाब हलकी समजू नये.

कोणत्या सोयी खरोखर उपयोगी पडतात, हे एका उदाहरणाने पाहू. गोसीखुर्दसारख्या प्रकल्पाच्या कालव्यांच्या निमित्ताने आपल्या भागातील स्थापत्यच्या विद्यार्थ्याला कालव्यातील प्रवाह काढण्याचे मॅनिंगचे सूत्र परिचयाचे असते. आयताकृती कालव्याची रुंदी ३ मीटर आहे, प्रवाह सेकंदाला ६ घनमीटर आहे, खडबडीतपणाचा गुणांक ०.०१८ आणि तळाचा उतार २५०० ला १ आहे. तर पाण्याची खोली किती? खोली समीकरणात क्षेत्रफळातही येते आणि हायड्रॉलिक त्रिज्येतही (क्षेत्रफळ भागिले पाणी टेकलेल्या तळाची व बाजूंची लांबी) येते, त्यामुळे ती सरळ बाजूला काढता येत नाही. अंदाजाने किंमत घालून पाहावी लागते. दिलेल्या आकड्यांवरून क्षेत्रफळ गुणिले त्रिज्येचा दोन-तृतीयांश घात याची किंमत ५.४ यायला हवी. खोली १.८ मीटर धरली तर ती ४.७२ येते, २ मीटर धरली तर ५.४१ येते, म्हणजे उत्तर २ मीटरच्या अगदी जवळ आहे. साध्या यंत्रावर प्रत्येक अंदाजाला संपूर्ण सूत्र पुन्हा टंकावे लागते. कॅल्क असलेल्या यंत्रावर सूत्र एकदाच टंकायचे आणि मग फक्त खोलीची किंमत बदलत जायची. तीन तासांच्या पेपरात वाचणारा वेळ हा असा वाचतो. वर्णनात्मक उत्तरात मात्र अंदाजाचा तक्ता कागदावर लिहावाच लागतो, कारण गुण पायऱ्यांना असतात; सॉल्व्हने दिलेले एकटे उत्तर लिहून भागत नाही.

यंत्र बरोबर असते, मग उत्तर का चुकते?

हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण यंत्र निवडण्यात आठवडा घालवणारा विद्यार्थी त्याची वागणूक समजून घेण्यात एक संध्याकाळही घालवत नाही.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक छेदाच्या कंसाची. दोन टोकांना टेकलेल्या सिंपली सपोर्टेड बीमवर सर्वत्र सारखा भार असेल, तर तो मधोमध किती वाकेल याचे सूत्र असे : ५ गुणिले भार गुणिले लांबीचा चौथा घात, या सगळ्याला भागिले ३८४ गुणिले ई (बीमच्या साहित्याचा लवचिकता गुणांक) गुणिले आय (बीमच्या आडव्या कापाच्या आकारावरून येणारी किंमत). भार मीटरला १० किलोन्यूटन, लांबी ६ मीटर, ई २०० गिगापास्कल आणि आय ८००० (एकक सेंटिमीटरचा चौथा घात) घेतला, तर उत्तर सुमारे १०.५ मिलिमीटर येते. परंतु एकाच ओळीत लिहिणाऱ्या यंत्रावर भागाकाराचे चिन्ह देऊन ३८४, मग गुणिले ई, गुणिले आय असे कंसाशिवाय टंकले, तर यंत्र फक्त ३८४ ने भागते आणि ई व आय यांनी गुणते. उत्तर २.७ लाख कोटी मीटर येते. असे अचाट उत्तर निदान लक्षात तरी येते. आकडे लहान असले की चुकीचे उत्तरही बेमालूम दिसते आणि तसेच उतरवले जाते.

दुसरी चूक दहाच्या घाताची. यंत्रावर दहाचा घात लिहिण्यासाठी स्वतंत्र बटण असते. १ भागिले २ गुणिले दहाचा तिसरा घात हे गुणाकाराचे चिन्ह वापरून टंकले, तर यंत्र डावीकडून चालते आणि ५०० देते. तेच दहाच्या घाताच्या बटणाने टंकले, तर २००० ही एकच संख्या धरली जाते आणि उत्तर ०.०००५ येते. गिगापास्कल आणि मायक्रोफॅरड यांच्यात रोज वावरणाऱ्याने ते बटण वापरण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

घातांक अपूर्णांक असेल तर त्यालाही कंस हवा. मॅनिंगच्या सूत्रातील त्रिज्या १.२ असेल तर तिचा दोन-तृतीयांश घात १.१२९ येतो, कंस विसरला तर यंत्र आधी वर्ग करते, मग ३ ने भागते आणि ०.४८ देते.

तिसरी चूक कोनाच्या एककाची. ३० अंशांचा साइन ०.५ येतो हे सर्वांना पाठ असते. यंत्र रेडियनमध्ये असेल तर ३० चा साइन उणे ०.९८८ येतो, आणि ग्रेडियनमध्ये (काटकोनाचे शंभर भाग मानणारे एकक) असेल तर ०.४५४ येतो. यातील तिसरे उत्तर सर्वांत घातक, कारण ते खऱ्या उत्तराच्या जवळचे असल्याने संशय येत नाही. ईएस प्लसच्या पडद्यावर वरच्या बाजूला डी, आर किंवा जी हे इंग्रजी अक्षर अगदी लहान दिसते. प्रत्येक पेपर सुरू होताना ३० चा साइन काढून पाहणे हा त्यावर दोन सेकंदांचा उपाय आहे.

चौथी गोष्ट चुकीची नव्हे, यंत्रांच्या मतभेदाची आहे. ६ भागिले २ आणि त्याला लगटून कंसात १ अधिक २, असे गुणाकाराचे चिन्ह न देता लिहिले, तर काही यंत्रे १ उत्तर देतात आणि काही ९. चिन्ह न लिहिलेला गुणाकार आधी करायचा की डावीकडून क्रमाने जायचे, याविषयी कंपन्यांचे संकेत वेगळे आहेत. ९९१ईएस प्लस तो गुणाकार आधी करतो आणि १ देतो. सीनियरचे यंत्र उसने घेऊन सराव करणाऱ्याला आणि परीक्षेत दुसरे वापरणाऱ्याला हा फरक कधी ना कधी भोवतो. गुणाकाराचे चिन्ह सर्वत्र लिहिले की हा प्रश्नच उरत नाही.

शेवटी अचूकतेविषयी. ९९१ईएस प्लस पडद्यावर दहा अंक दाखवतो, पण आत पंधरा अंकांनी आकडेमोड करतो. मधले उत्तर कागदावर ०.३३ असे उतरवून पुन्हा टंकले, तर आतली ती सगळी अचूकता आपणच फेकून देतो. १ भागिले ३ चे उत्तर ०.३३ धरून ३००० ने गुणले की १००० ऐवजी ९९० येतात. मधली उत्तरे ‘आन्सर’ बटणाने किंवा अक्षरांत साठवून पुढे न्यावीत. मात्र यंत्राच्या हुशारीलाही मर्यादा आहेत. कॅसिओच्या काही मॉडेलांवर ११ चा सहावा घात भागिले १३ केल्यास उत्तर पायच्या (π) रूपात दिसते : १५६१५८४१३ पाय भागिले ३६००. या गणिताचा पायशी काहीही संबंध नाही. यंत्र आलेला दशांश एखाद्या सुटसुटीत रूपाशी जुळतो का हे तपासते, आणि येथे तो अंक योगायोगाने इतक्या स्थानांपर्यंत जुळतो की यंत्र फसते. दशांशातील उत्तर बरोबरच असते. फसवे असते ते त्याचे दाखवलेले रूप.

गेटला यंत्र न्यायचेच नाही, मग तयारी कशाची?

गेटमध्ये तीन तासांत ६५ प्रश्न असतात, आणि त्यातील बऱ्याच प्रश्नांत पर्याय न देता उत्तराची संख्या भरायची असते. कळफलक बंद असतो. प्रत्येक अंक माउसने टिपावा लागतो. तेथील कॅल्क्युलेटरमध्ये समीकरणे सोडवण्याची, मॅट्रिक्सची किंवा सॉल्व्हची सोय नाही, आणि त्याची रीतही वेगळी आहे : कॅसिओवर आधी साइन आणि मग ३० टंकतात, तेथे आधी ३० आणि मग साइन टिपावे लागते. वर्षभर ९९१वर तीन अज्ञातांची समीकरणे एका बटणाने सोडवणारा विद्यार्थी तेथे अडखळतो, कारण त्याला ती हाताने सोडवण्याचा सराव उरलेला नसतो.

गावाकडे संगणक घरी नसतो ही खरी अडचण आहे, आणि मोबाइलवर बोटाने सराव करणे हे माउसच्या सरावाची जागा घेत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा तालुक्याच्या संगणक केंद्रात, परीक्षेपूर्वीचे निदान शेवटचे काही आठवडे, संपूर्ण सराव परीक्षा माउस आणि पडद्यावरचा कॅल्क्युलेटर वापरूनच द्याव्यात. अभियांत्रिकी सेवेच्या पूर्व परीक्षेची तयारी करणाऱ्याने तर आठवड्यातील काही दिवस कॅल्क्युलेटर पेटीत ठेवूनच प्रश्न सोडवावेत. तेथे चुकीच्या उत्तराला एक-तृतीयांश गुण कापले जातात आणि उत्तराचा अंदाज बांधण्याचे कौशल्य उपयोगी पडते.

महागडे घेतले तर फायदा होणारच ना?

हा आक्षेप पालकांकडून येतो आणि त्यामागे मुलाविषयीची तळमळ असते, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. अधिक सोयींचा लाभ तेव्हाच होतो, जेव्हा त्या सोयी प्रश्नपत्रिकेला लागतात आणि हाताला सरावलेल्या असतात. चार अज्ञातांची समीकरणे लेखी परीक्षेत क्वचित येतात. अमेरिकेच्या फंडामेंटल्स परीक्षेत ११० प्रश्नांसाठी ५ तास २० मिनिटे असतात, म्हणजे प्रश्नाला तीन मिनिटेही मिळत नाहीत. तेथेही कामी येतो तो हाताचा सराव. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी घेतलेले नवे, भारी यंत्र हे डवरणीला जुंपलेल्या नव्या, ताकदवान बैलजोडीसारखे असते : जोर भरपूर, पण तासातून चालायची सवय नसल्याने पीक तुडवले जाते. म्हणून जे यंत्र वर्षभर वापरले आणि जे त्या परीक्षेच्या नियमात बसते, तेच न्यावे.

माझा ठाम सल्ला असा की, तंत्रनिकेतनाच्या किंवा पदवीच्या पहिल्या वर्षीच, ऐपत असेल तर, एफएक्स-९९१ईएस प्लस घ्यावा आणि तो सोडू नये. विद्यापीठाच्या परीक्षा, अभियांत्रिकी सेवेची मुख्य परीक्षा आणि पुढे कधी अमेरिकेचा परवाना, या सर्व ठिकाणी तो चालतो. ऐपत नसेल तर चांगल्या स्थितीतला जुना ९९१एमएस घ्यावा; त्याने गणिती बाबतीत काही अडत नाही, फक्त कंसांची काळजी थोडी अधिक घ्यावी लागते. आधीपासून ९९१ईएक्स असलेल्याने यंत्र बदलण्याचे कारण नाही. त्यावर दिसणाऱ्या क्यूआर कोडमुळे काही जण बिचकतात. तो कोड केवळ पडद्यावर उमटतो, यंत्र स्वतः कोठेही काही पाठवत नाही, आणि वाचायला वेगळा मोबाइल लागतो, जो परीक्षागृहात नसतोच.

मित्राचा मागून घेईन, हा विचार मात्र मनातून काढून टाकावा. आयोगाच्या परीक्षेत त्याला स्पष्ट मनाई आहे. इतरत्रही, दोन भावंडांत किंवा खोलीतल्या दोघांत एकच यंत्र असेल आणि दोघांचे पेपर एकाच दिवशी आले, तर त्याचा फटका त्या दोघांपैकी एकाला बसतोच.

खरेदी, बॅटरी आणि ऊन

नामवंत कंपन्यांच्या कॅल्क्युलेटरांची बनावट आवृत्ती बाजारात असते आणि छोट्या गावांच्या बाजारात ती अधिक सहज खपते. बनावट यंत्राची बटणे काही महिन्यांत अडकतात, एकदा दाबल्यावर अंक दोनदा उमटतो, आणि परीक्षेत हे कळेपर्यंत उत्तर उतरवून झालेले असते. पावती आणि वॉरंटी कार्ड मागावे. ते देण्यास दुकानदार कुरकुरत असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन घ्यावे. दुकानातच प्रत्येक बटण एकेकदा दाबून पाहावे, ३० चा साइन, ५ चे वर्गमूळ आणि दोन समीकरणांचे एक गणित करून पाहावे.

९९१ईएस प्लसमध्ये सौर पट्टी असली तरी आत एलआर४४ हा बटण-सेलही असतो, आणि तीन वर्षांतून किमान एकदा तो बदलावा असे कंपनीच्याच पुस्तिकेत सांगितलेले आहे. परीक्षागृहातील अंधुक ट्यूबच्या उजेडात किंवा वीज गेलेल्या खोलीत केवळ सौर पट्टीवर विसंबता येत नाही. सेल परीक्षेच्या आदल्या दिवशी बदलू नये, कारण सेल काढला की साठवलेल्या किमती पुसल्या जातात आणि मांडणी मूळ अवस्थेत जाते. आठवडाभर आधी बदलून मग सरावाला लागावे. एखाद्याने खेळताना मांडणी बिघडवली असेल, उत्तरे भलत्याच रूपात दिसत असतील, तर ईएस प्लसवर शिफ्ट, ९, ३ आणि मग बरोबरचे चिन्ह दाबले की सारे मूळ स्थितीत येते. कोन पुन्हा अंशांत येतात.

ऊन हा आपल्या भागाचा स्वतंत्र मुद्दा आहे. या यंत्राची वापराची मर्यादा पुस्तिकेत ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेली असते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात सावलीतले तापमानही ४५ च्या वर जाते, आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या डिक्कीत ते त्याहून कितीतरी अधिक असते. अशा तापमानात पडदा काळवंडतो आणि अंक वाचता येत नाहीत. उन्हाळी परीक्षेला जाताना यंत्र डिक्कीत न ठेवता पाठीवरच्या पिशवीत, कापडात गुंडाळून न्यावे; पडदा काळा पडलाच तर घाबरून बटणे दाबत न बसता ते सावलीत थोडा वेळ ठेवावे, आणि थंड झाल्यावर पडदा पूर्ववत झाल्याची खात्री परीक्षागृहात शिरण्यापूर्वीच करून घ्यावी.